टेकाईचं नाणं

एका टेकडीच्या पायथ्याशी एक लहानसं नगर होतं आणि त्या नगरात द्वारका नावाची एक भडभुंजीण राहत होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण भट्टी काही तिनं विझू दिली नव्हती. लोक घरून ज्वारी, हरभरा, तांदूळ घेऊन येत. ती खापरात वाळू तापवी, दाणे टाकी आणि ते तडतडून फुलले की चाळणीत ओती. भाजणावळ म्हणून प्रत्येकाच्या दाण्यांतली एक मूठ स्वतःकडे ठेवी. मूठ लहान आणि जीभ मोठी, असा तिचा खाक्या होता. दोन टोमणे मारल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे, आणि लोकही ते टोमणे ऐकायला म्हणून दोन घटका जास्त बसत.

टेकडीवर टेकाई देवीचं देऊळ होतं. नगराचं सगळं तिच्याच नावानं चाले. मूल झालं की तिची ओटी, पीक आलं की तिला पहिलं कणीस, आणि भांडण झालं तर शपथही तिचीच.

तिथला राजा मनानं चांगला होता. मात्र आपल्याला सुचलेली गोष्ट चुकीची असू शकते, हे त्याच्या कधी ध्यानात येत नसे. राज्यातली जुनी नाणी झिजून गुळगुळीत झाली होती आणि त्यांत खोटी नाणी बेमालूम मिसळू लागली होती. राजानं दवंडी पिटवली, की महिन्याभरात जुनी नाणी टांकसाळीत जमा करा आणि बदल्यात नवी घेऊन जा. त्यानंतर जुनं नाणं चालणार नाही. नव्या नाण्यावर काय असावं याचा त्यानं तीन दिवस विचार केला आणि टेकाईचा मुखवटा उमटवायचं ठरवलं.

"देवीचं रूप असलं की लोक नाण्याला मान देतील," तो दरबारात म्हणाला. "खोटं नाणं पाडायला कुणाचा हात धजणार नाही."

दरबारानं माना डोलावल्या. दरबाराचं ते कामच असतं.

टांकसाळीचे कारभारी होते रंगोपंत. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी, पण हाताचे स्वच्छ. त्यांनी भट्ट्या वाढवल्या, माणसं वाढवली आणि नवी नाणी पाडायला सुरुवात केली. नाणं सुरेख उतरलं होतं. देवीचे डोळे, कपाळावरचा मळवट, नाकातली नथ, सगळं जिथल्या तिथं. लोक रांगा लावून जुनं देत आणि नवं घेऊन कपाळाला लावत घरी जात. त्याच सुमारास टेकाईची यात्रा झाली. यात्रेत लाह्या विकून द्वारकाला पाच नवी नाणी मिळाली. ती तिनं पदराच्या गाठीत बांधून घरी आणली आणि जपून ठेवली.

आणि मग बाजारातून नाणं दिसेनासं झालं.

आधी कुणाला काही वाटलं नाही. नवं आहे, रुळायला वेळ लागेल, असं जो तो म्हणाला. पण दोन महिने झाले तरी तीच गत. शेतकऱ्यांना शेतसारा नाण्यातच भरावा लागे, म्हणून ते नाणं हातात पडल्याशिवाय धान्य सोडेनात. ज्यांना शेती नव्हती त्यांचे हाल सुरू झाले. विणकराची लुगडी घडीला घडी लागून पडली. कासाराच्या दुकानातल्या बांगड्यांवर धूळ बसली. ज्वारीची पोती बाजारात उभी होती, बाजूला उपाशी माणसंही उभी होती, आणि मधे नाणं नव्हतं म्हणून दोन्ही एकमेकांकडे नुसती बघत होती. अशी विचित्र टंचाई त्या नगरानं कधी पाहिली नव्हती. दुष्काळात निदान कुणाला दोष द्यायचा ते तरी कळतं.

द्वारकाच्या मुठीही आटल्या. घरात दाणाच नाही, तर लोक भाजायला काय आणणार? भट्टी एका दिवसाआड पेटू लागली.

लोक रोज सकाळी टांकसाळीपुढे जमू लागले. रंगोपंत दारात येत आणि हात जोडून सांगत, "काल पाडलेली सगळी नाणी, ज्यांनी जुनी जमा केली त्यांना कालच वाटली. आजची दुपारपर्यंत होतील." ते खरं होतं, पण कुणाला पटत नव्हतं. नाणी वाटली, तर गेली कुठं? मग बाजारात कुजबूज सुरू झाली. पंत कापसाच्या गाड्यांत दडवून नाणी सासुरवाडीला पाठवतात म्हणे. कुणीतरी गाडी पाहिली होती. दुसऱ्या कुणीतरी तिची चाकं भारानं रुतलेली पाहिली होती. आठ दिवसांत एका गाडीच्या सात गाड्या झाल्या.

सर्वांत मोठा आवाज हैबती कासाराचा. बांगड्या घ्या म्हणून गल्लोगल्ली ओरडून त्याचा गळा तयार झालेला होता. तो म्हणे, "सोमवारच्या बाजाराला टांकसाळीची कोठी उघडून दावा. न्हाईतर आमी दार फोडतो!"

लोक म्हणत, "फोडतो!"

त्या म्हणणाऱ्यांत द्वारकाही होती. खोटं कशाला सांगा, तिचा आवाज हैबतीच्या खालोखाल होता.

सोमवारला चार दिवस उरले असताना तिचं भाजायचं खापर तडकलं. नवं घ्यायला ती लिंबाजी कुंभाराकडे गेली. लिंबाजीच्या अंगणात मडकी, रांजण, पणत्या, सगळं रचून ठेवलेलं होतं. चाक मात्र थांबलेलं. लिंबाजी ओसरीवर बसला होता आणि त्याची गालफडं बसली होती.

"खापर हवं व्हय? घेऊन जा द्वारकाक्का," तो म्हणाला. "बदल्यात दोन मुठी काय असलं तर दे."

द्वारकानं पदरातले फुटाणे त्याच्या बायकोच्या ओंजळीत घातले. तिनं त्यांतले चार नवऱ्यापुढे ठेवले, चार तोंडात टाकले आणि उरलेले फडक्यात बांधून देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवले. संध्याकाळची सोय. द्वारकाची नजर त्या फडक्याच्या मागोमाग गेली आणि तिथंच थिजली. कोनाड्यात टेकाईचं एक नाणं होतं. हळदकुंकू वाहिलेलं, पुढे विझलेलं निरांजन.

"अरं लिंबाजी!" ती म्हणाली. "नाणं हाय की घरात! त्याची पायलीभर ज्वारी आली असती!"

लिंबाजीनं दोन्ही कानांना हात लावले. "आक्का, काय बोलतीस? ती टेकाई हाय. आपल्या पायानं घरात आलीया. तिला बाजारात मोडू? पोटासाठी देवी इकू?"

द्वारका खापर काखोटीला मारून घरी आली आणि स्वतःच्या देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. तिथं पाच नाणी होती. पाचही नाण्यांवर हळदकुंकवाचे थर चढले होते. रोज सकाळी तीच तर फूल वाहत होती, आणि फूल वाहून झालं की टांकसाळीपुढे जाऊन नाणी कुठं गेली म्हणून ओरडत होती.

शेजारच्या घरात दोन असतील. पलीकडे विणकराकडे चार. हैबतीकडे तर यात्रेत बांगड्यांचा धंदा झालेला. त्याच्याकडे किती असतील? पंत म्हणत होते ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. नाणी वाटली गेली होती आणि ज्याच्या त्याच्या घरात पाटावर बसली होती. सगळं नगर नाण्याची पूजा करत होतं आणि नाण्यावाचून उपाशी मरत होतं.

हे आता कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण इथं द्वारकाची जीभ, जी एरवी कुणाच्या बापाला भीत नसे, ती टाळ्याला चिकटली. देवीला सगळ्यांत आधी घराबाहेर कोण काढणार? उद्या कुणाची गाय आटली, कुणाला ताप आला, तर लोक म्हणतील, त्या भडभुंजिणीनं टेकाई बाजारात मांडली, त्याचं हे फळ. विधवा बाई, एकटं घर. तिच्या नावानं खडे फोडायला कितीसा वेळ लागणार? आपण एकटीनं बोलून काय होणार आहे, असंही ती स्वतःला सांगून पाहत होती. चार दिवस ती गप्प राहिली. भट्टीवर आलेल्या माणसांना टोमणेसुद्धा मारले नाहीत. तिला बरं नाही असं लोकांना वाटलं.

सोमवार उजाडला. बाजार भरला तो टांकसाळीपुढेच. हैबती पुढे होता आणि त्याच्या मागे सगळं नगर. लोकांच्या हातांत दगड होते. द्वारकाच्या हातात दगड नव्हता, पण ती गर्दीत होती.

रंगोपंतांनी दार फोडायची वेळच येऊ दिली नाही. त्यांनी आपल्या हातानं दार उघडलं, मग आतली कोठी उघडली आणि बाजूला उभे राहिले. "या, बघा," ते म्हणाले. "एकही नाणं मी मागे ठेवलेलं नाही."

कोठी रिकामी होती. बिचाऱ्या पंतांना वाटलं होतं, रिकामी कोठी पाहिली की लोकांना आपला खरेपणा पटेल. पण संशय एकदा डोक्यात शिरला की भरलेली कोठी साठेबाजी ठरते आणि रिकामी कोठी चोरी.

"पळवली!" हैबती ओरडला. "समदी पळवली!"

पहिला दगड कुणी मारला ते कुणी पाहिलं नाही. तो पंतांच्या कपाळाला लागला आणि रक्ताची धार भुवईवरून खाली आली. तेवढ्यात राजाची स्वारी आली म्हणून दुसरा दगड हातातच राहिला.

राजानं कोठी पाहिली. पंतांकडे पाहिलं. "पंत, नाणी कुठं आहेत?"

"लोकांना दिली, महाराज."

"खोटं! खोटं!" गर्दी गरजली.

राजाला पंतांचा भरवसा होता, पण समोर हजार माणसं होती आणि मागे रिकामी कोठी. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "यांचं पागोटं उतरवा. गाढवावरून धिंड काढा आणि शिवेबाहेर घालवून द्या. सासुरवाडीला शिपाई पाठवून झडती घ्या."

शिपायानं पंतांचं पागोटं उतरवलं. म्हातारा माणूस, उघडं डोकं, त्यावर चार पांढरे केस. पंत रडले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या माणसांकडे, वर्षानुवर्षं ज्यांच्यासाठी नाणी पाडली त्या माणसांकडे, एकदा नजर फिरवली. ती नजर फिरत फिरत द्वारकापर्यंत आली. तिला ती सोसवली नाही.

"थांबा!" ती ओरडली. "नाणी माज्या घरी हाईत!"

सगळी गर्दी तिच्याकडे वळली. ज्या हातांत दगड होते ते हातही वळले.

"किती?" राजानं विचारलं.

"पाच. चोरली न्हाईत, महाराज. यात्रेत लाह्या इकून मिळवली. आन् देव्हाऱ्यात ठेवली. रोज पुजते."

हे ऐकून कुणी तरी हसेल किंवा शिवी देईल असं तिला वाटलं होतं. पण कुणीच काही बोलेना. जो तो शेजाऱ्याकडे न बघता समोर बघू लागला. लिंबाजीनं मान खाली घातली. विणकर पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. एवढी मोठी गर्दी एकाच वेळी गप्प झाली, तेव्हाच राजाला सगळं कळलं. कुणी कुणाचं नाव सांगितलं नव्हतं, तरी कळलं.

हैबतीनं शेवटचा प्रयत्न केला. "द्वारकाक्का, देव्हाऱ्यातली ती काय नाणी हाईत व्हय? ती देवी हाय. देवी का घराभाईर काढायची असती?"

"मग मंगळवारी परडी घेऊन जोगवा मागतोस, तो घरात बसून मागतोस का?" द्वारका म्हणाली. तिची जीभ आता ठिकाणावर आली होती. "पाच घरं फिरल्याबिगर जोगवा होत न्हाई. यात्रेला आपन टेकाईला पालखीत घालतो, दारोदार नेतो. ती दारी आली की लेकरू पायावर घालतो. कुन्या एकानं पालखी आपल्या घरात कोंडून घातली आन् दार लावलं, तर त्याला तू भक्त म्हनशील का? ती समद्यांची आई हाय. तिला चार भिंतींत मीच कोंडली. माजी चूक हाय."

ती घरी गेली. गर्दी जागच्या जागी उभी राहिली. जरा वेळानं ती परडीत पाच नाणी घेऊन परत आली. त्यांवरचं हळदकुंकू तिनं धुतलं नव्हतं. लिंबाजीपुढे जाऊन तिनं एक नाणं उचललं, कपाळाला लावलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हे खापराचं. आन् घरी न्यायचं न्हाई. दिवेलागणीच्या आत पुढल्या दाराला पोचव."

लिंबाजीनं एकदा टेकडीकडे पाहिलं. मग नाणं घेतलं आणि तडक ज्वारीच्या पोत्यांकडे चालू लागला. शेतकऱ्यानं नाण्यावरचं कुंकू बोटानं पुसलं, ते बोट कपाळाला लावलं आणि मापाला हात घातला. आभाळ कोसळलं नाही. पायली भरली, वर शीग चढली, आणि लिंबाजीच्या बायकोनं पदर पसरला.

मग एकेकजण गर्दीतून निघू लागला. घाईघाईनं, खाली मान घालून, जणू घरी दूध उतू जात होतं. येताना मात्र प्रत्येकाच्या मुठीत, कमरेला, पदराला काहीतरी होतं. कुणी दोन आणली, कुणी नऊ. हैबती सगळ्यांत उशिरा आला. त्याच्या परडीत एक्केचाळीस नाणी होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो काही न ओरडता बाजारात शिरला. तिन्हीसांजेपर्यंत बाजारातली अर्धी ज्वारी उठली.

राजानं पंतांचं पागोटं स्वतःच्या हातानं उचललं, झटकलं आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलं. "पंत, चूक माझी होती," तो म्हणाला. एवढं तो लोकांसमोर म्हणाला, हे त्याच्या खात्यावर लिहायला हरकत नाही. पुढच्या वर्षी नव्या नाण्यांवर त्यानं टेकाईऐवजी स्वतःचं तोंड उमटवलं. ते काही कुणी देव्हाऱ्यात ठेवलं नाही. सकाळी हातात आलेलं नाणं लोक दुपारपर्यंत खर्चून मोकळे होत.

पण त्या सोमवारची एक गोष्ट राहिलीच.

दिवेलागणीला अजून अवकाश होता. द्वारका शेरभर लाह्या घेऊन रंगोपंतांच्या घरी गेली. पंत ओसरीवर बसले होते. कपाळाला हळदीची पट्टी होती.

"ये द्वारके," ते म्हणाले. "आज तू होतीस म्हणून वाचलो."

"तसं म्हनू नका, पंत." ती उभीच राहिली. "मला बेस्तरवारीच कळलं होतं. चार दिस गप बसले. भ्याले. आदी बोलले असते तर तुमच्या कपाळाला दगड लागला नसता."

पंत उठले, आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर टेकाईचं एक नाणं होतं. त्यावरही कुंकू होतं.

"टांकसाळीत पाडलेलं हे पहिलं नाणं," ते म्हणाले. "स्वतःचं जुनं देऊन घेतलं आणि तेव्हापासून देवापुढे ठेवलं. नाणी जातात कुठं, म्हणून मी तीन महिने रात्रंदिवस डोकं खाजवत होतो, द्वारके. सकाळी याच नाण्याला नमस्कार करून डोकं खाजवायला बसत होतो."

त्यांनी नाणं तिच्यापुढे धरलं. "लाह्यांचे घे. आणि लवकर जा, दिवे लागतील."

द्वारकानं नाणं घेतलं, पदराला बांधलं नाही, तसंच मुठीत धरलं आणि झपाझप बाजाराच्या वाटेला लागली.

तात्पर्य: टंचाईच्या काळात चोर शोधायला निघण्याआधी आपली मूठ उघडून बघावी. आणि खरं कळलं असेल तर ते लगेच बोलावं, कारण आपण भीत बसतो तेवढ्या वेळात दगड भलत्याच माणसाच्या कपाळी बसतो.